अतिप्रदान

सरकारी भाषेत त्याला ‘अतिप्रदान’ म्हणतात. शब्दच असा की, घेणाऱ्याला वाटावे आपल्याला कुणी दान दिले!

शहागड परिसरातील एका अनुदानित शाळेत मी ३१ वर्षे शिकवले. निवृत्तीस काही महिने उरले असता सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले आणि आक्षेप घेऊन परत आले. २००९ साली एक वेतनवाढ वर्षभर आधी लागली होती. नोंद कार्यालयाची, सहीही कार्यालयाची. मला गंधवार्ता नव्हती. एक पायरी वर गेलेला पगार दर जुलैला तसाच चढत राहिला, त्यावर महागाई भत्ता वाढत गेला आणि १४ वर्षांत रक्कम सव्वादोन लाखांच्या घरात पोहोचली. ती उपदानातून कापावी, असा शेरा होता.

मित्रांनी न्यायालयाचा मार्ग दाखवला, आणि तो भक्कम होता. रफीक मसीह खटल्यात (‘मसीह’ वाचून क्षणभर आपलेपणा वाटला) सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी सांगितले की, वर्ग ३ व ४ चे कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा वेतन मिळालेले यांच्याकडून वसुली करू नये. केरळातील शिक्षक थॉमस डॅनियल १९९९ साली निवृत्त झाले. वसुलीतून त्यांची सुटका झाली ती २ मे २०२२ रोजी!

त्याच निकालातील एका विधानाशी मात्र मी अडखळलो. ही सूट कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून नव्हे, तर त्याचे हाल टळावेत म्हणून न्यायबुद्धीने दिली जाते. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात ऋणकोचे जाते गहाण घेण्यास मनाई आहे, ती याच जातीची दया. तेथे कर्ज खोटे ठरत नाही; केवळ त्यापायी कुणाच्या घरचे दळण थांबू नये.

माझ्या घरचे दळण थांबणार होते काय?

पत्नीला हे पटले नाही. “अहो, जक्कयाने चौपट परत केले, पण त्याने लोकांना नाडले होते. तुम्ही कुणाला नाडलेत? ते पैसे लेकरांच्या शिक्षणात केव्हाच गेले.” तिच्या बोलण्यात तथ्य होते; आजही आहे. परंतु सरकारचा पैसा म्हणजे अखेर कुणाचा? शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडणारा ऊसतोड मजूरही काडेपेटीवर कर भरतोच.

मी पगार तत्काळ दुरुस्त करून घेतला आणि कपातीस संमती दिली. पत्नी दोन दिवस बोलली नाही.

त्याच सुमारास आमच्या दिवंगत शिपायाच्या पत्नीलाही वसुलीचे पत्र आले. कुटुंबनिवृत्तिवेतनावर तीन माणसांचे पोट. तिचा अर्ज मी स्वतः लिहिला, रफीक मसीह निकालाची प्रत जोडली आणि एक छदामही भरू नका, असे तिला बजावले. त्या अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे.