किती पानं?

कोकणात जेवू घालणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती पानं?' या प्रश्नात माणसे मोजली जातात, त्यांची जात मोजली जात नाही. याचा सुखद प्रत्यय आम्हांला हेदवीस आला.

गुहागर तालुक्यातील हे गाव दशभुज गणपती आणि समुद्रकाठची बामणघळ यांसाठी प्रसिद्ध आहे. खडकाच्या अरुंद भेगेत शिरून उंच उसळणारे भरतीचे पाणी पाहून आम्ही व सोबतचे काही धर्मग्रामस्थ एका घरगुती खानावळीत गेलो. आमच्या गळ्यातील क्रूस गृहिणीच्या दृष्टीस पडला होता. तिने विचारले ते एवढेच : "पानं किती मांडू, फादर?" भात, आमटी, सोलकढी आणि शेवटी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे असा तृप्त करणारा बेत झाला.

याच जिल्ह्यात एके काळी हे इतके सोपे नव्हते. १९३३ साली सावरकरांनी रत्नागिरीत सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह काढले. अस्पृश्य मानलेल्या बांधवाच्या हातचा चहा तेथे सर्वांनी घ्यावा, हा त्यामागील हेतू. एक कप चहा घेण्यासाठी धाडस लागावे, यातच त्या काळाचे दुःख सामावले आहे.

शिरवाळ्यांच्या रसाने आम्हांला मलेशियातील पिनांगचे स्मरण झाले. १८०८ साली त्या बेटावर आलेल्या जुन्या सेमिनरीस भेट देण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला, तेव्हा तिथल्या 'कोपीतियाम'मध्ये आम्ही न्याहारी केली. 'कोपी' हा कॉफीसाठी मलाय शब्द, तर 'तियाम' म्हणजे होक्कियन या चिनी बोलीत दुकान. नावातच दोन समाज शेजारी बसलेले! संगमरवरी मेज, कापडी गाळणीतून उतरलेली काळीभोर कॉफी, तळाशी आटवलेले गोड दूध. भाजलेल्या पावावर नारळाचा रस, अंडी व साखर शिजवून केलेला 'काया', आणि बशीत अर्धवट उकडलेली अंडी. या व्यवसायात हायनान बेटावरचे चिनी पुढे होते. ते इतर चिन्यांच्या मागाहून आले, तोवर बरकतीचे धंदे दुसऱ्यांच्या हाती गेले होते. मग इंग्रजांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाकी म्हणून राबून त्यांनी पुढे स्वतःची दुकाने थाटली. अर्थात, जिथे डुकराचे मांस शिजते तिथे मुसलमान शेजारी येत नाही. तिथलेही मेज पुरते सर्वांचे झालेले नाही.

मुंबईचे इराणी हॉटेल हे या दुकानाचे जणू भावंडच. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे. अशा इराण्याकडे ब्रून-मस्का चहात बुडवताना समोरच्या खुर्चीवर कोणत्या जातीचा माणूस बसला आहे, हे विचारण्याची सोयच नसे. आम्हांला नवल वाटते ते याचे की, पिनांग असो वा मुंबई, गावातल्यांना एका मेजाशी बसवले ते बाहेरून आलेल्या उपऱ्याने!

पण ख्रिस्ती माणसाला त्याचे नवल वाटू नये. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटलेला वाटसरू अनोळखीच होता. त्यांनी त्याला पाहुणा म्हणून घरात घेतले आणि जेवायला बसल्यावर तोच यजमान झाला. वाटेवर त्याने शास्त्र उलगडले तेव्हा त्यांची अंतःकरणे पेटली. परंतु त्यांनी प्रभूला ओळखले ते त्याने भाकर मोडली तेव्हा.

आपण दर रविवारी एकाच वेदीभोवती जमतो, एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. चर्चच्या पायऱ्या उतरल्यावर मात्र हा सामवेदी, तो वाडवळ, तो कोळी, तो आदिवासी, असे हिशेब सुरू होतात. सोयरीक जुळवताना तर ते अधिकच काटेकोर होतात. प्रभूच्या मेजाशी जो आपला भाऊ, तो आपल्या मांडवात परका कसा? प्रिय वाचकहो, येत्या सणाला आपल्या पंगतीत एक पान अनोळखी माणसासाठी मांडून ठेवू या. कोण जाणे, भाकर मोडणारा तोच असेल!