चार हजार बेटांवरचे वार (भाग 4)

वान चान, सोमवार

नाकासांगच्या धक्क्यावरून होडी सुटली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आम्ही चौघं, आमच्या चार सॅक, बर्फाची एक लादी, कोबीचे गड्डे आणि बिअरचे क्रेट, सगळं एकाच अरुंद होडीत. मागच्या भागात लिहिलं ते वात फूचं शिवमंदिर सकाळी सोडलं होतं आणि आता पुन्हा मेकाँग, लाओसच्या अगदी दक्षिण टोकाला. पावसाळ्यात इथे पात्र जवळजवळ 14 किलोमीटर पसरतं. फेब्रुवारीत पाणी हिरवट आणि संथ असतं, आणि जागोजागी बेटं वर आलेली असतात. काही बेटांवर गावं, काहींवर फक्त दोन झुडपं. या सगळ्याचं नाव सी फान दोन. सी म्हणजे चार, फान म्हणजे हजार आणि दोन म्हणजे बेट.

दोन देत बेटावर उतरलो. खांबांवर उभ्या केलेल्या बांबूच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढे पडवी, पडवीत टांगलेल्या झोळ्या आणि खाली थेट नदी. मालकीणबाईंना काय म्हणायचं विचारलं तर त्यांच्या मुलीने सांगितलं, ‘मे’ म्हणा. मे म्हणजे आई. त्यांच्या नवऱ्याला फो, म्हणजे बाबा. नदीचा लाओ शब्दही त्याच घरातला आहे, ‘मे नाम’, पाण्याची आई.

मी सांगलीची. नदीकाठी गेले की आधी पाणी कुठे आहे ते बघते. आमच्याकडे पावसाळ्यात लोक एकमेकांना खुशालीच्या आधी आयर्विन पुलापाशी किती फूट झालं ते विचारतात. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही घर सोडून बाहेर पडलो होतो, ते अजून विसरता येत नाही. त्या सवयीने पायऱ्यांच्या खाली, पाण्याच्या अगदी कडेला एक बांबूची काठी रोवली आणि पाण्याच्या रेघेवर सुरीने खूण केली. फो होडीत बसून जाळं सोडवत होते. त्यांनी एकदा काठीकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

वान आंगखान, मंगळवार

भिंतीवर कॅलेंडर आहे. अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून मेच्या मुलीकडून वार म्हणवून घेतले. ती एकेका रकान्यावर बोट ठेवत गेली आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. वान आथित, वान चान, वान आंगखान, वान फुत, वान फाहात, वान सुक, वान साव. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनी! माझी आजी रविवारला आयतवारच म्हणायची. आणि मंगळवारचा अंगारक आपल्याकडे चतुर्थीच्या दिवशी तरी सगळ्यांना भेटतोच. काल एका परक्या देशात उतरलो होतो. आज त्याच देशातला मंगळवार ओळखीचा निघाला. ही दैनंदिनी लिहिताना वार असेच लिहायचे, हे तिथेच ठरलं.

दिवसभर चाललो. बेटाच्या उत्तर टोकाला काँक्रीटचा एक जुना सांगाडा उभा आहे. होड्यांतला माल उचलून रेल्वेवर चढवायला फ्रेंचांनी बांधलेला. हो, रेल्वे. आमच्यातली भूगोल शिकवणारी मैत्रीण या एका सांगाड्यासाठी सहलीला तयार झाली होती. फ्रेंचांना मेकाँगवरून चीनपर्यंत व्यापाराची वाट हवी होती. 1866 मध्ये दूदार द लाग्रे आणि फ्रान्सिस गार्निए सायगावहून ती शोधत निघाले आणि इथल्या धबधब्यांपाशी येताच वाट तुटली. नदी इथे असंख्य फाट्यांत फुटून खडकांवरून खाली पडते. पुढे 1893 मध्ये गनबोटीच रुळांवरून बेटापलीकडे ओढून नेल्या. मग दोन खोन आणि दोन देत ही दोन बेटं पुलाने जोडली गेली आणि सात-एक किलोमीटरची अरुंद रेल्वे 1940 च्या दशकापर्यंत चालली.

आता रूळ नाहीत. त्या वाटेवरून शाळेची पोरं सायकलने जातात आणि पुलाच्या कमानींखाली म्हशी डुंबतात. पलीकडे दोन खोनवर एक गंजलेलं छोटं इंजिन छपराखाली ठेवलं आहे. मी त्याच्या लोखंडावर हात ठेवला, उन्हाने तापलं होतं. एवढी खटपट करूनही मोठा व्यापार या वाटेने कधी झाला नाही. नदीला वळसा घालता आला, तिला बदलता मात्र आलं नाही, असं मैत्रीण म्हणाली. ते वाक्य गुरुवारी पुन्हा आठवलं.

वान फुत, बुधवार

काही केलं नाही. झोळीत पडून राहिलो, पोहलो, पुन्हा पडलो.

जेवणाचं मात्र लिहायलाच हवं. लाओ स्वयंपाकात पादेक, म्हणजे आंबवलेल्या माशांचं दाट पाणी, जवळजवळ सगळ्यात पडतं. आमच्यातला एक पक्का शाकाहारी आणि तीन दिवस तो केळी आणि भातावर होता. मेला हे कळल्यावर तिने निखाऱ्यावर वांगी भाजली, मिरच्या-लसूण भाजले, उखळात ठेचले आणि वर कोथिंबीर घातली. पादेक घातलं नाही, हे दाखवायला बरणी उचलून लांब ठेवली. भरीत! बांबूच्या टोपलीतला चिकट भात बोटांनी वळायचा आणि भरताला लावून खायचा. आम्हा तिघांसाठी केळीच्या पानात वाफवलेला मासा होता. तोही उत्तम होता, पण आज सगळ्यांचे हात त्या भरताकडेच जात होते.

संध्याकाळी काठी पाहिली. पाणी खुणेवरच.

वान फाहात, गुरुवार

पहाटे भिक्खू रांगेने आले. मेने गुडघ्यांवर बसून प्रत्येकाच्या पात्रात चिमूट-चिमूट भात घातला. मग फो आम्हाला दोन खोनच्या दक्षिण टोकाकडे घेऊन गेले.

वाटेत ली फीचे धबधबे. ‘ली’ म्हणजे मासे धरायचा बांबूचा भलामोठा सापळा. धारेत उतरता मांडव बांधायचा, पाण्याबरोबर मासे त्यावर येऊन पडतात, पाणी खालून निघून जातं. ‘फी’ म्हणजे आत्मे. वरून वाहून येणाऱ्या मृतांचे आत्मे या खडकांत अडकतात, असा समज आहे, म्हणून इथे पोहू नये. आम्ही पोहलो नाही. पाणी खडकांतून असं फेसाळत होतं की बोलणंही ऐकू येत नव्हतं.

टोकाला पोचल्यावर समोर कंबोडिया. याच डोहात इरावती डॉल्फिन दिसायचे. गोल डोक्याचे, करडे, हळू श्वास घेणारे. कोळी त्यांना मारत नसत, पण पाण्यात उभ्या सोडलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत ते अडकत आणि वर येऊन श्वास घेता न आल्यामुळे मरत. या डोहातला शेवटचा 2022 मध्ये गेला. आता उरलेत ते खाली कंबोडियात, शंभरच्या आसपास. फो खडकावर बसले, डोहाकडे बोट केलं आणि तोंडाने हलकेच ‘फूऽऽ’ असा आवाज केला. मुलीने सांगितलं, डॉल्फिन वर आला की असा आवाज यायचा, लहानपणी रात्री झोपेत ऐकू यायचा. आम्ही कितीतरी वेळ तिथे बसून राहिलो. पाणी शांत होतं.

परतताना फोंनी पूर्वेकडे हात केला. तिकडे हू साहोंगचा फाटा. कोरड्या दिवसांतही मोठे धबधबे टाळून मासे वर चढू शकत, ते याच वाटेने. तिथे आता दोन साहोंगचं धरण आहे, 2020 मध्ये 260 मेगावॅट क्षमतेने सुरू झालेलं. माशांसाठी शेजारचे फाटे खोल केले, अडथळे काढले, असं सांगतात. फोंच्या जाळ्यात काय येतं ते आम्ही चार दिवस पाहत होतो. सकाळचे दोन तास आणि तळहाताएवढे सात-आठ मासे. आम्ही ज्या निवांतपणासाठी इतक्या लांबून आलो, तो या माणसाच्या पहाटे साडेचारला सुरू होणाऱ्या दिवसावर उभा आहे, हे मला इथे येईपर्यंत समजलं नव्हतं.

रात्री काठीपाशी गेले. खूण दिसेना. चार बोटं पाणी वर होतं. आठवडाभर पावसाचा थेंब नाही आणि आकाश चांदण्यांनी भरलेलं. फो कंदील घेऊन आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. त्यांनी काठीकडे पाहिलं, मग नदीच्या वरच्या अंगाला हात लांब, खूप लांब केला. लाओसच्याही पलीकडे, चीनपर्यंत धरणंच धरणं आहेत. तिकडे वीज हवी असेल तेव्हा पाणी सुटतं. पूर्वी नदी पावसाने चढायची आणि उन्हाने उतरायची. आता कुणी सांगावं!

वान सुक, शुक्रवार

सॅक भरल्या. पुढचा मुक्काम स्तुंग त्रेंग, सीमेपलीकडे. मेने प्रत्येकाच्या मनगटावर पांढरा दोरा बांधला आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. शाकाहारी मित्रासाठी केळीच्या पानात भाजलेली दोन वांगी वेगळी बांधून दिली.

पाणी पुन्हा दोन बोटं उतरलं होतं. मी काठी उपटायला वाकले, तर होडीतून फोंनी ओरडून हात हलवला. मुलगी हसत म्हणाली, राहू दे म्हणतात. काल रात्री तू झोपल्यावर त्यांनी तिच्यावर अजून एक खूण केली आहे.