‘ओ’ दिसते, पण ‘ओ’ नसते

आमच्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण जवळ आले, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताची सोय करून ठेवायला सांगितले. रिपोर्टवर गट ‘ओ पॉझिटिव्ह’. आम्हा भावंडांना फारशी काळजी वाटली नाही. ‘ओ’ कुठेही मिळते. पण रक्तपेढीतली ‘ओ’ची एकही पिशवी तिच्या रक्ताशी जुळेना. पुढच्या तपासणीत कळले, तिचा गट ‘बॉम्बे’ आहे.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट शोधला, म्हणून हे नाव. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ नावाचा घटक तांबड्या पेशींवर असतो. ‘ओ’ गटात तर तो भरपूर असतो. बॉम्बे गटात तोच नसतो. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’सारखेच दिसते, पण अशा माणसाला ‘ओ’चे रक्त चढवले तर शरीर त्या पेशी फोडून टाकते. मग जिवावर बेतते. आपल्या देशात साधारण १०,००० माणसांत एकाचा हा गट असतो.

आई आणि वडील दोघांकडूनही बदललेले जनुक आले, तरच हा गट होतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत तो अधिक आढळतो. आपल्याकडच्या चुलत-मावस निकाहांत, तसाच शेजाऱ्यांकडे मामाची मुलगी करतात त्या घरांतही. आमचे अम्मी-अब्बा चुलत भावंडे. सख्ख्या भावंडात हा गट असण्याची शक्यता चारांत एक असते. तपासले, तर थोरल्या भाईचाही तोच निघाला. त्याने रक्त दिले. मायलेकरू सुखरूप घरी आले.

मग खाला हळूच म्हणाल्या, “बाहेर बोलू नका. लोक खोट काढतील, मुलांचे रिश्ते अडतील.”

खोट कसली? आम्ही शनिशिंगणापूरच्या पंचक्रोशीत राहतो. तिथल्या घरांना दारे नाहीत, म्हणून कुणी त्यांना अर्धवट म्हणत नाही. ज्या आफ्रिकेने आपल्या नगरच्या निजामशाहीला मलिक अंबर दिला, तिच्या पश्चिम भागात जवळजवळ सर्वांच्या तांबड्या पेशींवर ‘डफी’ नावाचा घटक नसतो. व्हायव्हॅक्स हिवतापाचा जंतू याच घटकाला धरून पेशीत शिरतो. तो नसल्यामुळे तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांना या तापापासून मोठे संरक्षण मिळाले. रक्तात एखादी गोष्ट नसणे म्हणजे माणसात उणेपण असणे नव्हे.

बॉम्बे गट हा आजार नाही. रोजच्या जगण्यात त्याने काही अडत नाही; अडते ते ऐनवेळी, माहीत नसल्यामुळे किंवा लपवल्यामुळे. मे २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शिर्डीहून या गटाचा एक दाता इंदूरला जाऊन एका बाईला रक्त देऊन आला. त्याचा गट कुणाला ठाऊकच नसता, तर त्याला बोलावले कुणी असते?

भाईने रक्तपेढीत नाव नोंदवले आहे. बहिणीच्या पर्समध्ये गटाची चिठ्ठी असते. मुलांच्या रिश्त्याची बोलणी निघतील तेव्हा हे स्वतःहून सांगायचे, असे आम्ही ठरवले आहे. खालाही आता विरोध करत नाहीत. तुमच्या घरात कुणाचे ‘ओ’ रक्त ‘ओ’शी जुळत नसेल, तर ‘एच’ची तपासणी करून घ्या आणि भावंडांचीही करा.