भुरी, केवडा आणि कूळ

नाशिककडे ऑक्टोबरची फळछाटणी आटोपली की द्राक्षबागायतदाराला आभाळाचा भरवसा वाटेनासा होतो. परतीचा पाऊस रेंगाळला तर डाऊनी, म्हणजे केवडा. नुसतंच ढगाळ राहिलं तर भुरी. पोंग्यातून नुकतं सुटलेलं पोपटी पान काय देखणं असतं! पण केवडा आला की त्याच पानाच्या खालच्या अंगाला रातोरात पांढरी लव उगवते. भुरी वर दिसते, राख भुरभुरल्यासारखी. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना आपण बुरशीच म्हणतो. शास्त्रही बराच काळ तसंच म्हणत होतं.

लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींची मोजदाद मांडली, तेव्हा फुलं न येणाऱ्या साऱ्यांना शेवटच्या वर्गात ढकललं. ज्यांचं लग्न चोरून लागतं, अशांचा तो वर्ग. शेवाळ, नेचे, अळंबी, सगळे एका पंगतीला. 1969 मध्ये रॉबर्ट व्हिटेकरने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि त्यांतली एक कवकांना दिली. ते योग्यच झालं. कवकांना हरितद्रव्य नाही, त्यांच्या पेशीभित्तीत खेकड्याच्या कवचातलं कायटिन असतं, आणि नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहेत.

या सृष्टीतली कुळं ठरली ती मुख्यतः बीजाणू कुठे धरतात यावरून. अळंबीच्या छत्रीखालच्या पडद्यांवर सूक्ष्म गदा असतात आणि गदेच्या टोकावर बहुधा चार बीजाणू. भुरीचं कूळ वेगळं: तिचे बीजाणू पिशवीत तयार होतात. पण ती पिशवी सहसा दिसत नाही. एरवी भुरी एकटीच वाढते. उभ्या तंतूवर बीजाणूंची माळ लागते, टोकाचे सुटून वाऱ्यावर जातात आणि रुजायला त्यांना पाण्याचा थेंबही लागत नाही. जुळणाऱ्या दोन मीलन-प्रकारांचे तंतू भेटले, तरच काळपट गोळी धरते. तिला टोकाशी वळलेले केस असतात आणि आत बीजाणूंच्या पिशव्या.

1845 मध्ये इंग्लंडात टकर नावाच्या माळ्याला ही भुरी काचघरातल्या वेलींवर दिसली, आणि तिच्या एकट्या रूपाला त्याचं नाव मिळालं. गोळीच्या रूपाचं नाव निराळंच होतं. एकाच जिवाची दोन नावं! ज्यांचं मीलन कुणी पाहिलंच नव्हतं, अशा हजारो कवकांना तर ‘अपूर्ण’ म्हणून वेगळ्या वर्गात टाकलं होतं. अपूर्ण होतं ते आपलं बघणं. 2011 मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने एका कवकाला एकच नाव असा नियम केला. भुरी आता एरिसिफी नेकेटर.

केवड्याची गोष्ट उलटी. त्याला घरातूनच बाहेर काढलं. त्याच्या पेशीभित्तीत कायटिन नव्हे, मुख्यतः सेल्युलोज. ओल्या पानावर त्याची बीजाणूधानी फुटते, दोन शेपट्यांचे बीजाणू पोहत पर्णरंध्र गाठतात आणि आत शिरतात. पानं गळाली की त्यांत मीलनातून झालेले जाड सालीचे बीजाणू पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. याचे सगेसोयरे म्हणजे समुद्रातली तपकिरी शेवाळं.

ही वंशावळ फक्त पुस्तकातली असती तर बागायतदाराने तिच्याकडे पाहिलंही नसतं. पण भुरीवरची ट्रायझोल गटातली औषधं कवकांच्या पेशीपटलातलं अर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. केवडा ते बनवतच नाही, मग त्याचं बिघडणार काय? त्याच्यावर बोर्डो मिश्रण चालतं, तेही योगायोगाने सापडलेलं. फ्रान्समध्ये वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासत. त्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे मिलार्देने 1882 मध्ये हेरलं.

कृषी सेवा केंद्रात मात्र दोन्हींची औषधं अजून बुरशीनाशकांच्या एकाच फळीवर मिळतात.