देवमाशाचं शेण आणि दालचिनीची साल

मंडळी, आठवडाभर इथे काही लिहिलं नाही, कारण आम्ही घरचे चौघे श्रीलंकेला गेलो होतो. आंब्याची फवारणी सुरू व्हायच्या आत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, आठवत असेल. लोकांनी खूप धडपड करून ते समुद्रात नेलं, तरी वाचलं नाही. तेव्हापासून मुलीचं एकच, जिवंत देवमासा बघायचाय.

सगळी सहल लिहीत नाही, एकच दिवस लिहितो.

मिरिसा बंदरातून सकाळी साडेसहाला बोट सुटली. सौ.ने आल्याचा तुकडा गालात धरला होता, आबांनी रेलिंग. दोन तास नुसतं पाणी. मग लांबवर पाण्याचा फवारा उडाला, सहज तीस फूट. मागोमाग करड्या-निळ्या रंगाची पाठ वर आली ती संपेचना. आपल्या आगरातला जुना उंच माड आडवा टाकला तर जेवढा होईल, तेवढा जीव. आबा एवढंच म्हणाले, "अरे, हा श्वास घेतोय." शंभर मीटर लांब राहायचा नियम आहे. आमच्या तांडेलाने पाळला, शेजारची एक बोट मात्र घुसलीच. माणूस सगळीकडे सारखाच.

देवमासे इथेच का? किनाऱ्यापासून थोडं गेलं की समुद्र एकदम खोल होतो आणि खालचं अन्नद्रव्यांचं पाणी वर येतं. पण मला गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. आशा डी व्होस नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञ बाईंना २००३ साली समुद्रावर तरंगणारं देवमाशाचं लालसर शेण दिसलं. म्हणजे हे इथेच खातायत! उष्ण समुद्रात निळे देवमासे फक्त विणीला येतात, चरायला थंडीकडे जातात, असा तोवरचा समज. इथले वर्षभर याच भागात राहतात, हे त्या शेणावरून पुढे उलगडत गेलं. त्या शेणात लोह असतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर कोळंबीसारखे बारीक जीव, आणि तेच देवमाशाचं खाणं. आपलं शेणखत नि गवताचं चक्रच की!

दुपारी जेवून आत डोंगराकडे चालायला गेलो. दीड तासाची चढण. माती आपल्यासारखीच तांबडी, बांधाला गिरिपुष्प, मध्ये चहा, उताराला दालचिनी. वर एका साठीच्या शेतकऱ्याकडे थांबलो. तो मोडकं इंग्रजी बोलायचा, मुलगी आम्हाला मराठीत सांगायची. मी त्याला शेणाची गोष्ट ऐकवली. तो हसला आणि मग हसायचा थांबला. २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. सहा-सात महिन्यांनी निर्णय मागे घेतला, पण तोवर भात आणि चहा दोन्ही पडले होते. म्हणाला, "माझ्याकडे एक गाय. तिचं शेण चहाच्या किती ओळींना पुरणार?" मी स्वतः गिरिपुष्पाचा पाला नि शेणखत वापरतो, चांगलंच आहे. पण जमीन तयार व्हायला वर्षं लागतात आणि तेवढं खत आधी हातात लागतं. हुकमाने ते होत नाही.

आता माझ्या कामाचं. आपल्याकडे भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राच्या लाखी बागेत माडाखाली दालचिनी आहेच, विद्यापीठाची कोकण तेज जातही आहे. मुलीला आमच्या वाडीत ती लावायचीय. धाकटा भाऊ म्हणतो, वाडी विकू. माझी अडचण लागवडीची नाहीच, साल काढणार कोण?

त्याच्या पडवीत बाई साल काढत होत्या. अंगठ्याएवढी फांदी, वरची साल खरवडायची, पितळी दांड्याने घासायची म्हणजे आतली साल सुटते, मग दोन वळसे नि एक उभी चीर. पापुद्रा एकात एक घालून साडेतीन फुटांची कांडी, आणि वाळवायची सावलीत. सगळ्यात बारीक कांडी अल्बा, सहा मिलिमीटरच्या आतली, तिला सगळ्यात जास्त भाव. हे काम येणारी माणसं तिथेही कमी होतायत. निम्मा माल साल काढणाऱ्यांना जातो म्हणाला, आणि तरी पोरं शहरात जातात.

मुलगी त्या बाईंशेजारी बसली ती दोन तास उठली नाही. पहिल्या चार साली फाटल्या. बाईंनी ते तुकडे उचलून कांडीच्या पोटात भरले, आत असेच तुकडे भरतात म्हणे. पाचवी साल अखंड निघाली. आबांनी ती खिशात टाकली.

तुमच्यापैकी कोणी कोकण तेजची साल घरच्या घरी काढत असेल, तर दिवसाला किती किलो निघते आणि मजुरी काय पडते ते खाली लिहा. भावाशी बोलणं रविवारी आहे.