गायरांगरचा कडा

गायरांगर फियॉर्डच्या प्रवासवर्णनांत 'नीरव' हे विशेषण हटकून भेटते. हिमनद्यांनी कोरलेली, समुद्राने भरलेली, जेमतेम पंधरा किलोमीटरची ही चिंचोळी वाट २००५पासून जागतिक वारशात गणली जाते. बोटीवरच्या ध्वनिक्षेपकाने 'सात बहिणी' हा धबधबा आणि त्याच्यासमोरचा 'प्रणयी' यांचा परिचय करून दिला. (मोजल्या तर बहिणी चारच भरल्या, उन्हाळा सरत आला होता.) मला मात्र स्कागेफ्लो पाहायचे होते : पाण्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर कड्याला चिकटलेले, आता निर्मनुष्य असलेले शेतघर. करवसुलीला कोणी आला की शिडी वर ओढून घेत, ही दंतकथा ऐकून सारे हसले. पलीकडच्या क्निव्सफ्लोविषयी ध्वनिक्षेपक गप्पच राहिला. तिथली माणसे डोक्यावरचा खडक सुटेल या भयाने एकोणिसाव्या शतकाअखेर घर सोडून गेली. 'नीरव' हा शब्द, मला वाटते, तिथे मुक्काम नसलेल्यांचा आहे. जवळच्या ताफियॉर्डमध्ये १९३४ साली कडा पाण्यात कोसळला आणि उसळलेल्या लाटेने ४० जणांचा बळी घेतला. आज ओकरनेस डोंगराच्या रुंदावत्या भेगेवर उपकरणांचा अहोरात्र पहारा आहे. तो कडा सुटलाच, तर गायरांगर गावाला उंचावर पोहोचायला काही मिनिटेच मिळतील.