कार्डाची पोचपावती

आमच्या इंदूरच्या घरी गणपतीत सगळे जमले की ‘ही पोरगी नेमकं करते काय?’ हा विषय निघतोच. मेमरी कार्डाचा ड्रायव्हर लिहिते म्हटलं, की काका विचारतात, "मग गाडी कोण चालवतं?" त्यांच्यासाठी एकदाच लिहून टाकते.

आमचं यंत्र रुग्णाच्या छातीला २४ तास लावतात. हृदयाचा आलेख ते कार्डावर साठवतं, ५१२ बाइटच्या एकेका ठोकळ्यात. ठोकळा पाठवला की कार्ड उत्तर देतं: मिळाला, वाटेत बिघडला, किंवा लिहिता आला नाही. वाटेत बिघडला तर पुन्हा पाठवायचा, त्यात काही विशेष नाही. खरी गोम ‘मिळाला’मध्ये आहे. वॉचमनने पार्सल घेतलं, म्हणजे ते घरात पोचलं असं नव्हे! कार्ड आत लिहीत असतं, त्यात कधी पाव सेकंदही जातो. ते मोकळं झालं की पुन्हा स्थिती विचारायची आणि ‘ठीक’ आल्याशिवाय आपल्याकडची प्रत पुसायची नाही. तोवर हृदय थोडंच थांबतं? नवे आकडे येतच राहतात, त्यांना राखीव जागा लागते.

कधी कार्ड अडूनच बसतं. मग त्याची वीज तोडून पुन्हा जोडायची. तेवढ्यात राखीव जागा भरली, तर काही सेकंदांची नोंद जाते. या सेकंदांवरून ऑफिसात दोन आठवडे वाद झाला. एक जण म्हणाला, शून्यं भरा. पण शून्यांची सरळ रेघ पाहून डॉक्टरांना हृदय थांबल्यासारखं वाटेल. दुसरा म्हणाला, दोन्ही टोकं जोडा. मग पुढच्या प्रत्येक ठोक्याची वेळ चुकणार. मी अडून बसले: जागा कोरी ठेवा, ‘नोंद नाही’ असं छापा. "लोक मशीनलाच नावं ठेवतील," साहेब म्हणाले. ठेवू देत की! शेवटी प्रत्येक ठोकळ्यात क्रमांक आणि वेळ घातली, म्हणजे गळालेला आपोआप उघड होतो.

बिघाड झाल्यावर यंत्रावर दिवा लागावा का, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. रात्री रुग्ण घाबरेल, असं साहेबांचं म्हणणं आहे, आणि ते अगदीच चूक नाही.

चाचणीसाठी मला जुनी, झिजलेली कार्डं हवी आहेत. घरात पडली असतील तर आधी फोटो काढून घ्या आणि मग द्या. मी सगळं पुसणार आहे.